गावाच्या वतीनं

चढ लागला की सर स्कूटरवरून उतरत आणि ती ढकलत वर नेत. पौडहून कोळवणच्या खोऱ्यात येताना एक लांबट चढ लागतो. भरलेल्या जीपगाड्या तिथे धापा टाकत जायच्या आणि त्यांच्या बाजूने सर घामाघूम होऊन स्कूटर ढकलत असायचे. डोक्यावर हेल्मेट तसंच. स्कूटर चांगली चालू असे, तिला काहीही झालेलं नसे.

"सर, गाडी तुमाला नेती का तुमी गाडीला?" बांधावरून कुणीतरी हटकून विचारी.

"सपाटीला ती मला आणते, चढाला मी तिला नेतो," सर न थांबता सांगत. "तिचे माझ्यावर उपकार नकोत."

हा किस्सा गेल्या महिन्यात पौडच्या एका कार्यक्रमात सांगितला गेला आणि सगळा मांडव हसला. विद्यापीठ आणि ग्रामीण भाग असा विषय होता. एक तरुण प्राध्यापक छान बोलत होता. त्याने सरांना पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं. स्कूटरचा किस्सा झाला, मग दाराचा झाला, आणि शेवटी तो म्हणाला, "असा विक्षिप्त माणूस नेमल्यावर विद्यापीठाचं कोळवणचं केंद्र बंद पडणारच होतं." पुन्हा हशा झाला. मी व्यासपीठावर होतो, अंगावर शाल, मांडीवर नारळ. सूत्रसंचालकाने माझी ओळख 'खोऱ्याचा आवाज विद्यापीठात पोहोचवणारे आपले तात्या' अशी करून दिली होती. अशा कार्यक्रमांत काहीही बोलतात म्हणून मी ते कानाआड केलं होतं. सगळ्यांबरोबर मीही हसलो.

घरी आल्यावर शाल घडी करून ठेवली.

स्कूटरचा किस्सा खरा आहे. दाराचाही खरा आहे. केंद्र सरांमुळे बंद पडलं, हे मात्र खरं नाही. ते कशामुळे बंद पडलं हे जाणणारी विद्यापीठातली माणसं एकेक करून गेली. मी उरलो आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

केंद्र म्हणजे गावच्या सहकारी सोसायटीचं जुनं गोदाम. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. विद्यापीठाने ते खोऱ्यातल्या लोकांसाठी मागून घेतलं होतं. दर आठवड्याला एक व्याख्यान, शेतमातीची तपासणी, आणि ज्यांना कॉलेजात जाणं जमत नाही त्यांना बाहेरून बी.ए. करता यावं म्हणून शिकवणी. परीक्षाही तिथेच व्हायची. हे शेवटचं सगळ्यांत मोलाचं होतं. खोऱ्यातल्या मुलींना पौडपर्यंत कुणी पाठवायचं नाही, मग पुण्याचं तर नावच नको. सरांचं म्हणणं असं, की मुलगी विद्यापीठात जात नसेल तर विद्यापीठाने उठून मुलीकडे जावं, त्यात विद्यापीठाचे पाय झिजत नाहीत.

सर स्वतः पुण्याच्या पेठेतले. भाषा स्वच्छ, शर्ट इस्त्रीचा, बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. मुख्य आवारातली चांगली खोली सोडून ते आपणहून इकडे आले होते.

आल्याआल्या त्यांनी पहिलं काम केलं ते दाराचं. गोदामाचं दार बिजागऱ्यांतून काढलं, त्याला काळा रंग दिला आणि भिंतीला टेकवून त्याचा फळा केला. मी तेव्हा मुख्य कार्यालयात होतो आणि या केंद्राचं काम माझ्या टेबलावरून चाले. पाहणीला गेलेला कारकून परत आला तो थेट माझ्याकडे. "साहेब, दार नाही तिथे! डेडस्टॉकच्या नोंदवहीत दाखवायचं काय?"

मी फोन लावला. सर शांतपणे म्हणाले, "दार आहे की. रोज त्यावर लिहितो."

"पण सर, ते दाराच्या जागी नाही."

"दार दिसलं की इथला माणूस पायरीखाली चपला काढतो, आत डोकावतो आणि आतून कुणी 'या' म्हणेपर्यंत उभा राहतो. कुणी म्हणालं नाही तर निघून जातो. आता त्याला 'या' म्हणायची गरज उरली नाही."

दार नसल्यामुळे माणसं आली, तशी शेळ्याही आल्या. व्याख्यान चालू असताना एखादी आत येऊन मध्येच उभी राही. सर तिला हाकलत नसत. "बसा बाई," म्हणत आणि पुढे बोलू लागत.

त्या शेळ्या बहुतेक वेळा सुमनच्या असत. वरच्या वाडीत शेळ्यामेंढ्या पाळणारी काही घरं आहेत, त्यांतल्या एका घरची ती सून. बारावी होऊन लग्न झालं. नवरा हिंजवडीला इमारतींच्या कामावर. सासऱ्याने तिला बी.ए.ला बसू दिलं, पण आपल्या अटीवर. "बाहेरून करती न्हवं? मग बाहेरच बस," तो म्हणे. "पुस्तक वाच, पर शेरडांवर डोळा ठिव." म्हणून ती नेहमी उंबऱ्यापाशी बसे, एक डोळा फळ्यावर, एक माळावर. पहिलं वर्ष पास झाली, दुसरंही झाली. सर तिला सुमनबाई म्हणत, आणि शेळ्या लांब गेल्या तर व्याख्यान थांबवून म्हणत, "सुमनबाई, तुम्ही आणून या, आम्ही थांबतो." आणि खरंच थांबत. पुण्याहून आलेला पाहुणा वक्ता हातातले कागद चाळत उभा राही.

सरांचा सगळ्यांत हट्टाचा नियम होता तो 'आधी गाव'. शहरातून कोणीही वक्ता येवो, तो बोलण्याआधी पाव तास गावातल्या एखाद्याने बोलायचं. विषयाचं बंधन नाही. गावाच्या वतीनं सर स्वतः कधी बोलत नसत. ते बोलणं हुशारीचं असे असं नाही, उलट बहुतेकदा कंटाळवाणंच असे. एकदा अर्थशास्त्राचे एक नामवंत प्राध्यापक आले होते. गावाच्या वतीनं महादू आबा उठले आणि जावयाबद्दल बोलू लागले. जावई कसा मानपान मागतो, दिवाळीला आला तर कसा चार दिवस हलत नाही, मटण कसं लागतं, वर रस्सा पातळ म्हणून नाव कसं ठेवतो. पाव तास झाला, अर्धा झाला. प्राध्यापक घड्याळाकडे बघत होते. सर मान डोलवत ऐकत होते.

"आबा, आवरा आता," मागून कोणीतरी म्हणालं. "जावई यायची येळ झाली!"

प्राध्यापकांची परतीची एसटी गेली. ते रागावले. "ह्यातून ज्ञान काय मिळालं?" त्यांनी सरांना विचारलं.

"ज्ञानाचं माहीत नाही," सर म्हणाले. "पण ते आधी बोलले. आता तुमचं ऐकायला ते बसतील. आम्ही नेहमी उलटं करतो आणि मग लोक ऐकत नाहीत म्हणून रडतो."

प्राध्यापकांना सरांनी स्कूटरवरून पौडला सोडलं. त्या बाजूनेही वाटेत एक छोटा चढ आहे, तिथे दोघांनी मिळून ती ढकलली म्हणे.

एकदा ह्या नियमात मीही सापडलो. मी खोऱ्यातलाच, शेजारच्या वाडीतला. भाऊ अजून शेती करतो. मी इथला असल्याचं सरांना फार कौतुक. एका व्याख्यानाला कार्यालयातर्फे गेलो होतो तेव्हा त्यांनी मला उभं केलं. "हे इथलेच. विद्यापीठात आपला माणूस आहे तो हा. आज गावाच्या वतीनं हे बोलतील."

मी उठलो आणि कार्यालयात बोलतो तसं बोललो. उपक्रम, उद्दिष्टं, लाभार्थी. समोर माझे चुलते, शाळेतले सोबती. कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो तर रेडिओवानी बोलाय लागला!" गोदाम हसून हसून दणाणलं. माझे वडील तेव्हा हयात होते. तेही तोंडाला उपरणं लावून हसत होते. हसण्यात वाईट काही नव्हतं हे आज कळतं. तेव्हा मला ते झोंबलं. पुण्यात बोली लपवायला मला अनेक वर्षं लागली होती. कार्यालयात मी 'हाय' आणि 'न्हाई' जिभेवर येऊ देत नसे. आणि इथे माझं ते लपवणंही हसण्यावारी गेलं होतं. कुठलाच राहिलो नाही असं वाटलं. सरांचा तेव्हापासून राग येऊ लागला.

ह्या रागाला मी कारण म्हणून पुढे करत नाही. तो होता, एवढंच सांगतो.

पुढे विद्यापीठात वारं बदललं. एवढ्या लांबची केंद्रं कशाला पोसायची, असा सूर लागला. एक समिती नेमली. समितीने एखाद्या व्याख्यानाच्या दिवशी जाऊन पाहायचं, खरंच लोक येतात का, आणि त्यावर केंद्राचं भवितव्य ठरवायचं. उपकुलसचिवाची जागा तेव्हा रिकामी होती. माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि ती शेवटची पायरी मला हवी होती. समितीचे अध्यक्ष त्या जागेच्या निवड समितीवरही होते. मला कुणी वाकडं काही करायला सांगितलं नाही. अध्यक्ष एवढंच म्हणाले, की हे एक लोढणं सुटलं तर तुमच्यासारख्याला वर घेता येईल.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तिकडचेच ना? कोणता दिवस बरा पडेल?"

ही गोष्ट शहरातल्या माणसाला समजावून सांगावी लागते. कोळवणचं खोरं भाताचं. आषाढात रोपं तयार झाली आणि पाऊस लागून राहिला, की आवण सुरू होते, म्हणजे चिखल केलेल्या खाचरात भाताची लावणी. ती एकेकट्याने होत नाही. आज सगळी वाडी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या, परवा तिसऱ्याच्या. एकाने पाळी चुकवली तर पुढच्या सगळ्यांची लावणी लांबते. उपटलेलं रोप वाट बघत नाही. त्या दिवसांत खोऱ्यात घरात सापडतं ते फक्त म्हातारं आणि तान्हं. लग्न ठरत नाही, पंचायतीची बैठक होत नाही.

त्या दिवशी सकाळीच भावाचा फोन आला होता. गुरुवारी वरच्या वाडीची आवण धरलीय, तू येणार का विचारत होता.

मी अध्यक्षांना म्हणालो, "गुरुवार ठेवा."

"लोक मोकळे असतील ना त्या दिवशी?"

"असतील," मी म्हणालो.

ह्या एका शब्दासाठी मी हे सगळं लिहितो आहे, असं सुरुवातीला वाटत होतं. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे.

गुरुवारी पाऊस कोसळत होता. गाडीतून जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरांत वाकलेली माणसं दिसत होती, डोक्यावरून प्लॅस्टिकचे कागद बांधलेली. समितीच्या एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "किती सुंदर दृश्य आहे!" हीच माणसं तिथे यायची आहेत, हे त्यांच्या मनातही आलं नाही. मी खिडकीतून दुसरीकडे बघत होतो.

गोदामात कुणी नव्हतं. सतरंज्या अंथरलेल्या, फळ्यावर सरांच्या अक्षरात विषय लिहिलेला. सर इस्त्रीच्या शर्टात उभे. ना खंत, ना गडबड. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं.

अध्यक्षांनी रिकाम्या सतरंज्यांवरून नजर फिरवली. "सुरू करा. कुणाची वाट बघायची?"

"आमच्याकडे आधी गाव बोलतं," सर म्हणाले.

"गाव आहे कुठे?"

सर माझ्याकडे वळले. "हे आहेत ना. ह्याच खोऱ्यातले. गावाच्या वतीनं हे बोलतील."

मला काय बोलायचं होतं हे ते जाणत होते आणि मीही जाणत होतो. एक वाक्य पुरलं असतं. आज आवण आहे, गाव चिखलात उभं आहे, तुम्ही वाटेत पाहिलंत तेच गाव. एवढं म्हटलं असतं तर अध्यक्ष चिडले असते, माझी तारीख उघडी पडली असती, आणि कदाचित पुढच्या महिन्यात समिती परत आली असती.

मी उठलो. म्हणालो, "सर, मी आज विद्यापीठातर्फे आलो आहे."

आणि बसलो.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. सर काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात जोडले आणि गावासाठीचा सगळा पाव तास ते तसेच गप्प उभे राहिले. समितीचे सदस्य एकमेकांकडे बघू लागले. त्या बाई खोकल्या. अध्यक्षांनी दोनदा "अहो" म्हटलं. सर हलले नाहीत. वेळ झाल्यावर त्यांनी हात खाली घेतले, फळ्यापाशी गेले आणि ठरलेल्या विषयावर रिकाम्या सतरंज्यांसमोर शेवटपर्यंत बोलले. विषय भात हाच होता, आपल्याकडे भात कुठून आला असा काहीतरी. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

परतताना अध्यक्ष गाडीत म्हणाले, "ह्या माणसाच्या विक्षिप्तपणामुळे लोकांनी पाठ फिरवली आहे, दुसरं काय!" पुढे तेच कायम झालं. मी गाडीत होतो. मान हलवली की नाही ते आठवत नाही, पण नाही म्हणालो नाही, एवढं नक्की.

केंद्र बंद झालं. परीक्षेचं ठिकाण पुण्याला गेलं. सुमनचं तिसरं वर्ष राहिलं, कारण परीक्षेला पुण्यात राहायला सासऱ्याने नाही म्हटलं, आणि त्याच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. तिच्यासारख्या आणखी काही मुली होत्या. मला वरची जागा मिळाली. सरांना मुख्य आवारात भांडारापलीकडची एक खोली दिली आणि काम काही दिलं नाही. ते रोज वेळेवर येत. व्हरांड्यात भेटले की विचारत, "काय म्हणतंय खोरं?" मी म्हणे, "बरं आहे." त्या गुरुवारचा विषय त्यांनी कधी काढला नाही. त्याचा मला फार त्रास व्हायचा. ते भांडले असते तर मी मोकळा झालो असतो. पुढे ते निवृत्त झाले, आणि गेल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं. त्यांच्या घरी गेलो नाही.

पौडच्या त्या कार्यक्रमानंतर मला राहवलं नाही. निदान एका माणसाला तोंडाने सांगायचं ठरवलं आणि कोळवणची एसटी धरली.

सुमन आता पुण्याच्या लोकांच्या फार्महाउसवर कामाला असते. मालक शनिवार-रविवारी येतात. बाकी दिवस बाग, साफसफाई, दोन कुत्री, सगळं तिच्याकडे. केसांत पांढरं दिसू लागलं आहे. मला बघून तिने नळ बंद केला.

"तात्या! हिकडं कुटं वाट चुकला? बसा, बसा. खुर्ची मालकांची हाय, पर ते शनवारशिवाय येत न्हाईत."

बसलो. विषय कसा काढायचा ते ठरवून आलो होतो, पण सगळं विसरलो. म्हणालो, "सुमन, सरांचं केंद्र सरांमुळं बंद न्हाई पडलं."

"ते आमाला सांगताय व्हय?" ती म्हणाली. "आवणीत ठेवली त्या समितीवाल्यांनी भेट. कोण येणार हुतं?"

"तुमाला कळलंच न्हवतं का समिती येणार म्हणून?"

"कळलं न्हाई कसं? सकाळच्या पारी आमी समदी गेलतो की सरांकडं. सासरं हुतं, महादू आबा हुतं. म्हणलं, सर, आजच्या दिस आवण ऱ्हाऊ द्या, आमी येऊन बसतो सतरंजीवर. लई चिडले. सरांना तसं चिडल्यालं कवा बघितलं न्हवतं. म्हणले, 'रोप उपटून ठेवलंय ते थांबणार आहे का? विद्यापीठासाठी कुणाची पाळी मोडायची नाही. चला, व्हा खाचरात.' आबांनी इचारलं, मग तितं गावाचं कोण बोलंल? तर म्हणले, 'आपला माणूस येतोय ना विद्यापीठातला. तो बोलेल.'"

ती जमिनीवर टेकली आणि पदराने हात पुसले.

"आन तुमी बोललात. सांच्याला सर बांधावर आलं हुतं भिजत. म्हणले, त्यांनी सगळं सांगितलं हो, अगदी चांगलं बोलले, पण त्या लोकांनी ऐकलं नाही. त्यांना दोष देऊ नका. आमी कशाला देतोय? मोठ्या लोकांफुडं एकट्या माणसाचं काय चालतं?"

म्हणजे इतकी वर्षं खोऱ्यातल्या प्रत्येक लग्नात मला पुढं बसवत होते ते ह्यासाठी. परवाची शालसुद्धा.

"सुमन," मी म्हणालो, "मी बोललो न्हाई."

"आं?"

"सरांनी मला उठवलं हुतं. मी एक शब्द बोललो न्हाई गावाचा. आन तो गुरुवारबी मीच सांगितला हुता. आवण हाय हे ठावं असून."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो. तो यावा असं मला फार वाटत होतं. तिने मान हलवली.

"काय तरीच बोलताय. सर खोटं बोलायचं माणूस हुतं व्हय? तुमचं वय झालं, तात्या. इतक्या वर्सांचं कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? बोलला असाल तुमी, इसारलात."

"इसारलो न्हाई ग. खरं सांगतोय."

"ऱ्हाऊ द्या. उगं जिवाला लावून घेऊ नका." ती उठली. आतून चहा आणला, पेला माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. काहीतरी बोलायचं आहे आणि धीर होत नाही, असं तिचं झालं होतं.

"एक सांगू का? धाकटी लेक बारावी झाली. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात मुलींचं वसतिगृह हाय म्हणत्यात. तितं जागा मिळाली तर सासरं पाठवायला तयार हायेत, पर आमचं तितं कोण ऐकणार? तुमी तेवढं बोला."

मला निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली. तिथे आता मला ओळखणारा शिपाईसुद्धा नाही. हे मी तिला सांगायला हवं होतं. चहा निवत होता.

"बोलतो," मी म्हणालो आणि चहा संपवला.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. रिकामा पेला घेऊन आत जाताना ती म्हणाली, "तुमी बोललात म्हंजे झालं."